डोंगरी नाशिकचे जुने भूमापन-नकाशे : एक साधनचिकित्सा

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्याकडे प्रथम दप्तरांचे रुमाल डोळ्यांपुढें येतात. सनदा, महजर, निवाडे, ताळेबंद व पत्रें ज्या प्रदेशांत उदंड मिळतात, त्या प्रदेशाचा इतिहास लिहिणें कष्टाचें असलें तरी अशक्य नसतें. नाशिक जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे ज्यास लोक देश म्हणतात तो निफाड, येवलें, सिन्नर व चांदवडचा मुलूख, या दृष्टीनें भाग्यवान आहे. तेथें कुळकर्ण्यांचीं दप्तरें होतीं, वतनाचे तंटे होते, आणि तंटा उभा राहिला म्हणजे कागद होतोच. पश्चिमेकडील डांगाची स्थिति अगदीं निराळी आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि कळवण-दिंडोरीचा वरचा भाग येथें राहणाऱ्या कोळी, कोंकणा, भिल्ल, वारली इत्यादि लोकांनीं आपल्यामागें कागद फारसे ठेवले नाहींत. जे कागद आहेत ते त्यांच्याविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलेले आहेत. आणि तेही बहुधा बंडाच्या, वसुलाच्या किंवा जंगलाच्या निमित्तानें.

अशा वेळीं अभ्यासकाच्या हातीं जुना भूमापन-नकाशा येतो. एका मैलास एक इंच या प्रमाणाचा तो कागद, ज्यास मोजणीखात्यांतील लोक टोपोशीट म्हणतात, उलगडला म्हणजे जेथें एकही दप्तर सांपडलें नाहीं तेथें शेंकडों नांवें, वाटा, ओढे, देवळें, विहिरी आणि झोंपड्यांचे ठिपके एकदम दृष्टीस पडतात. मुक्या मुलखास वाचा फुटली असें वाटतें. या आनंदांतच धोका आहे. नकाशाविषयीं आमच्या अभ्यासकांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. कित्येक जण नकाशास साधनच मानीत नाहींत. ग्रंथाच्या शेवटीं शोभेसाठीं तो जोडतात. दुसरे कित्येक त्यास साधन नव्हे तर निवाडाच मानतात. नकाशांत आहे म्हणून होतें, नकाशांत नाहीं म्हणून नव्हतें, असा त्यांचा न्याय असतो. पहिल्या चुकीनें इतिहास दुबळा होतो. दुसरीनें तो अन्यायी होतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जुना नकाशा हा एक साक्षीदार आहे व त्याची उलटतपासणी झाली पाहिजे. जें त्यानें स्वतः मोजलें त्याविषयीं त्याची साक्ष उत्तम. जें त्यानें दुसऱ्यापासून ऐकलें त्याविषयीं ती मध्यम. आणि जें पाहण्यासाठीं त्यास पाठविलेंच नव्हतें त्याविषयीं त्याचें मौन म्हणजे पुरावा नव्हे. बखरीस, तवारीखेस व शकावलीस आपण हीच कसोटी लावतों. नकाशा छापील आहे, रंगीत आहे व सरकारी आहे, एवढ्यावरून त्यास माफी देण्याचें कारण नाहीं.

२

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊं. हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्याचा आरंभ १७६७ सालीं बंगालमध्यें रेनेलच्या नेमणुकीनें झाला. १८०२ मध्यें लॅम्बटननें मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमापनास प्रारंभ केला, तें पुढें एव्हरेस्ट व वॉ यांच्या हातून देशभर पसरलें. १८२७ पासून एका इंचास चार मैल या प्रमाणाच्या ‘ॲटलास ऑफ इंडिया’चें काम निघालें. त्यांत डोंगर दाखवितांना उताराच्या दिशेनें बारीक रेघांची छाया घालीत. तिच्यावरून डोंगर आहे हें कळे. परंतु तो किती उंच व किती अवघड हें कळत नसे. १९०५ सालच्या समितीच्या शिफारशींनंतर सर्व देश एक-इंची, रंगीत व समोच्चरेषांच्या पत्रकांत नव्यानें मांडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. आज अभ्यासकाच्या हातीं येणारीं बहुतेक जुनीं पत्रकें याच पिढीचीं आहेत. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धति आली तेव्हां १ : ६३,३६० हें एक-इंची प्रमाण जाऊन १ : ५०,००० हें प्रमाण आलें.

या पत्रकांची विभागणी अक्षांश-रेखांशांवर केलेली आहे. चार अंशांचा एक मोठा चौक, त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पंधरा-पंधरा कलांचे पुनः सोळा भाग, अशी ती रचना आहे. आपल्याकडील एक पत्रक सुमारें सतरा मैल लांब व सोळा मैल रुंद, म्हणजे सुमारें २८० चौरस मैलांचें होतें. ही रचना गणिताच्या सोयीची आहे, इतिहासाच्या नव्हे. याचें उत्तम उदाहरण खुद्द नाशिक शहर होय. विसावा अक्षांश या शहरांतूनच जातो, आणि चार अंशांच्या दोन मोठ्या चौकांची शीवही तीच आहे. म्हणून पंचवटी ‘४६ एच/१६’ या पत्रकांत, तर नाशिकरोड ‘४७ ई/१३’ या पत्रकांत येतें. उत्तरेकडील सप्तशृंगी ४६ व्या चौकांत, तर त्र्यंबक, इगतपुरी व कळसूबाई ४७ व्या चौकांत पडतात. एकच पत्रक समोर ठेवून नाशिकचा विचार करणारा मनुष्य, अर्धें महजर वाचून निवाडा देणाऱ्या मनुष्यासारखा आहे.

कागदाची शीव ही जमिनीची शीव नव्हे, तशीच आजची तालुक्याची शीवही कालची शीव नव्हे. नाशिक जिल्हा १८६९ सालीं अहमदनगर व खानदेश यांचे भाग एकत्र करून बनला. पेठचें संस्थान १८७८ मध्यें खालसा झालें. सुरगाणा संस्थान स्वातंत्र्य मिळेपर्यंत वेगळें होतें, आणि त्र्यंबकेश्वर तालुका तर १९९९ सालीं निराळा झाला. पत्रकावरील सीमारेषा कोणत्या सालच्या आहेत हें पाहिल्याविना त्यांवरून कोणत्या गांवाचा धनी कोण होता हें सांगूं नये.

३

आतां नकाशा जेथें खरोखर बोलतो तेथील एक उदाहरण घेऊं. १६७० च्या ऑक्टोबरांत श्रीशिवाजीमहाराजांनीं दुसऱ्यांदा सुरत लुटली व ते बागलाणांतून परत फिरले. वाटेंत १७ ऑक्टोबर रोजीं दाऊदखान कुरेशी याच्या सैन्याशीं त्यांची लढाई झाली. मराठी परंपरेंत ही वणी-दिंडोरीची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. मोंगल सैन्यांत हजर असलेल्या भीमसेन सक्सेन्याचा ‘तारीख-इ-दिल्कुशा’ हा ग्रंथ या प्रसंगाचें महत्त्वाचें साधन आहे, आणि त्याच्याच आधारें सर जदुनाथ सरकार यांनीं आपल्या शिवचरित्रांत कांचन-मांचनच्या खिंडीचा निर्देश केला आहे. या हकीगतीप्रमाणें दाऊदखान चांदवडास येऊन पोंचला असतां मध्यरात्रीं हेरांनीं बातमी आणली कीं, शिवाजीमहाराज अर्ध्या फौजेनिशीं खिंड उतरून नाशिकच्या वाटेस लागले आहेत व उरलेली फौज खिंड धरून आहे. खान लागलाच निघाला, आणि पहांटेस त्याच्या आघाडीच्या इखलासखानाची मराठ्यांशीं गांठ पडली.

आतां पत्रकें जोडून पाहावीं. वणी ‘४६ एच/१५’ मध्यें, दिंडोरी ‘४६ एच/१६’ मध्यें, आणि कांचना किल्ला ‘४६ एल/३’ मध्यें येतो. तीन पत्रकें जोडल्याविना हें रणक्षेत्र डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. जोडल्यावर पहिली गोष्ट दिसते ती सप्तशृंगीपासून चांदवडपर्यंत पूर्वपश्चिम गेलेली डोंगरांची भिंत. मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई व चांदवड हे किल्ले या एकाच रांगेवर ओळीनें बसलेले आहेत. उत्तरेस गिरणेचें खोरें, दक्षिणेस कादवा-गोदावरीचें. मुल्हेरकडून नाशिकास यावयाचें तर ही भिंत कोठें तरी ओलांडलीच पाहिजे. आणि ओलांडण्याच्या जागा, ज्यांस या भागांत बारी म्हणतात, मोजक्याच आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. सरळ रेषेंत मोजलें तर चांदवडापासून कांचना सुमारें दहा मैल, वणी सुमारें साडेबावीस मैल आणि दिंडोरी सुमारें अठ्ठावीस मैल आहे. वणी आणि दिंडोरी यांच्या दरम्यानच दहा मैलांचें अंतर आहे. मध्यरात्रीं चांदवडाहून निघालेली आघाडी पहांटेस शत्रूस भिडली हें खरें मानलें, तर पहिली चकमक वणीपाशीं किंवा दिंडोरीपाशीं होणें कठीण. ती खिंडीच्या दक्षिण तोंडाशीं, डोंगराच्या पायथ्याशीं झाली असावी. यावरून आमचें अनुमान असें कीं, ‘वणी-दिंडोरी’ हें रणभूमीचें नांव नसून ज्या मुलखांत लढाई झाली त्या मुलखाचें नांव आहे. लढाईस जवळच्या नामांकित ठाण्याचें नांव पडणें हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. वणी-दिंडोरी हें नांव चूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या नांवावरून एखाद्या माळावर बोट ठेवून हीच ती जागा असें सांगणें धाडसाचें आहे.

येथें नकाशानें नेमकें काय केलें हें ध्यानांत ठेवावें. लढाई कशी झाली हें त्यानें सांगितलें नाहीं. तें भीमसेनानें सांगितलें. काय शक्य होतें व काय अशक्य होतें एवढेंच नकाशानें ठरविलें. कथनास जमिनीची मर्यादा घालणें हेंच नकाशाचें खरें काम. ही मर्यादा निष्पक्षपाती असते, कारण डोंगर मराठ्यांच्याही बाजूचा नसतो व मोंगलांच्याही नसतो.

तथापि समोच्चरेषेसही मर्यादा आहेच. एक-इंची पत्रकांत या रेषा सामान्यतः पन्नास-पन्नास फुटांच्या अंतरानें असतात. तीस-चाळीस फुटांचा कातळाचा तुटवडा, किंवा एका माणसापुरती नाळ, दोन रेषांच्या मध्यें हरवून जाते. परंतु गड घेण्याचें वा राखण्याचें रहस्य कित्येकदां अशा तीस फुटांतच असतें. नवीं पत्रकें अधिक सूक्ष्म असतील असें कोणी समजेल तर तेंही बरोबर नाहीं. दशमान पत्रकांत हें अंतर वीस मीटरांचें, म्हणजे सुमारें साडेपासष्ट फुटांचें झालें आहे. या एका बाबतींत आजोबांची नजर नातवापेक्षां तीक्ष्ण होती.

४

साक्षीदारास दुसरा प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, तूं हें कधीं पाहिलेंस? प्रत्येक पत्रकाच्या समासांत मोजणीचें साल व छपाईचें साल निरनिराळें दिलेलें असतें. दोहोंत कित्येक वर्षांचें अंतर असूं शकतें, आणि मधल्या काळांत रस्ते वगैरे तेवढे सुधारून बाकीचा नकाशा जुनाच ठेवलेला असूं शकतो. छपाईचें साल धरून जो विचार करतो तो एकाच कागदावर दोन काळांची भेसळ करतो.

ही तपासणी वाटांच्या बाबतींत फार जरूर आहे. थळ घाटांतून कसाऱ्याहून इगतपुरीस आगगाडी १८६५ सालीं चढली. मुंबई-आग्रा रस्ताही इंग्रजी अमदानींतच बांधून पक्का झाला. विसाव्या शतकांतील पत्रकावर या दोन जाड रेघा इतक्या ठळक दिसतात कीं, सह्याद्रि ओलांडण्याचा सनातन मार्ग हाच असें पाहणारास वाटूं लागतें. वस्तुतः त्र्यंबकावरून जव्हाराकडे, नाशिकाहून सावळ घाटानें पेठेकडे, बागलाणांतून सुरतेकडे, अशा अनेक वाटांनीं माल, यात्रेकरू व फौजा चालत होत्या. पत्रकांत त्या तुटक रेघेच्या पाऊलवाटा म्हणून दिसतात. रेघेची जाडी मोजणीच्या काळची वर्दळ सांगते, तीन शतकांपूर्वींची नव्हे. अशी एखादी तुटक रेघ खिंडींतून जात असेल, तिच्या दोन्ही तोंडांशीं जुनें देऊळ, तळें किंवा पडकी चौकी असेल, आणि पायथ्याच्या गांवास बाजार भरत असेल, तर ती वाट एके काळीं हमरस्ता होती अशी शंका घेण्यास जागा आहे. मग त्या शंकेचा निकाल जकातीच्या कागदांनीं करावा.

याच्या उलट, जें आज दिसत नाहीं तें जुन्या पत्रकांत जिवंत सांपडतें. दारणेचें धरण १९१६ मध्यें, गंगापूरचें १९६५ मध्यें व अप्पर वैतरणेचें १९७३ मध्यें पुरें झालें. त्यापूर्वींच्या मोजणीचें पत्रक हातीं असेल तर आज जेथें निळा जलाशय पसरला आहे तेथील नदीचें मूळ पात्र, संगम, उतार, वाटा व वस्त्या पाहतां येतात. पाण्याखालीं गेलेल्या जमिनीचा याहून चांगला लेख मिळणें कठीण. धरण झाल्यावर जे लोक उठून दुसरीकडे गेले त्यांच्या आठवणी ऐकतांना हें पत्रक पुढें ठेवावें. आठवणीस जागा मिळते व जागेस आठवण मिळते.

५

तिसरा प्रश्न नांवांचा. येथें नकाशाची साक्ष ऐकीव आहे. मोजणीदार दुसऱ्या प्रांतांतून आलेला, सांगणारा पायथ्याचा पाटील किंवा वाटाड्या, लिहिणारा रोमन लिपींत लिहिणारा, आणि खोदणारा दूरच्या छापखान्यांतला. इतक्या हातांतून नांव जातें. रोमन लिपींत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांचा भेद राहत नाहीं. वणी, वाणी व वनी यांस एकच वेष मिळतो. पेठेचें ‘पेइंट’ आणि साल्हेरचें ‘सालेर’ कसें झालें हें सर्वांस ठाऊकच आहे. याहून वाईट प्रकार असा कीं, आपलेच लेखक हीं रोमन नांवें पुनः देवनागरींत उतरवितात, आणि मूळचें मराठी नांव मराठींतच परकें होऊन बसतें. अशा नांवांवर व्युत्पत्तीचे इमले उठवणें म्हणजे वाळूवर गढी बांधणें होय. स्थलनामें इतिहासास किती उपयोगी पडतात हें इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपणांस दाखविलें. परंतु त्यासाठीं नांव मुळांत शुद्ध हवें.

नांव शुद्ध मिळालें तर तें किती बोलतें याचें एक उदाहरण देतों. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर व त्याच्या अंगाखांद्यावर वसलेल्या महसुली गांवाचें नांव ‘मेटघर किल्ला’ असें आहे, आणि त्यांतील वस्त्यांच्या नांवांत मेट हा शब्द आजही ऐकूं येतो. जसें, सुपलीची मेट. मेट म्हणजे गडाच्या कड्याखालीं, चढणीच्या वाटांवर नजर ठेवण्यासाठीं बसविलेली चौकी व तिच्याभोंवतींची वस्ती. परक्या मोजणीदारास हें नांव इतर पन्नास नांवांसारखेंच एक होतें. परंतु समोच्चरेषांवर या वस्त्यांच्या जागा टिपून पाहाव्या. एखादी मेट कड्यांतून वर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशीं पडत असेल तर गडाच्या संरक्षणाची जुनी व्यवस्थाच आपण वाचूं लागतों. १८१८ च्या एप्रिलांत मॅक्डॉवेलच्या फौजेनें त्र्यंबक घेतला. जिल्ह्यांतील इतर गडही त्याच सुमारास इंग्रजांच्या हातीं गेले, आणि कित्येक गडांच्या वाटा व पायऱ्या पुनः कोणास चढतां येऊं नये म्हणून उडवून दिल्या गेल्या. कॅप्टन ब्रिग्जनें त्या वर्षीं केलेलीं या गडांचीं वर्णनें १८८३ च्या नाशिक गॅझेटियरांत घेतलेलीं आहेत. त्यांत दरवाजे, टाकीं, तटबंदी सर्व कांहीं सांपडतें. मात्र पहारा करणारी माणसें पुढें कोठें गेलीं व काय खाऊं लागलीं हें विचारण्याची त्याला गरज नव्हती. त्याचें उत्तर, मिळालें तर, मेटांच्या नांवांतच मिळेल. गड गेला, चाकरी गेली, मेट मात्र राहिली.

तरीही केवळ नांवावरून निवाडा करूं नये. ज्या वस्तीच्या नांवांत मेट आहे ती खरोखर पहाऱ्याच्या जागीं आहे कीं नंतर सरकलेली आहे, तेथील घराण्यांत गडाच्या चाकरीची आठवण आहे कीं नाहीं, आणि गडाच्या हिशेबी कागदांत तशा नेमणुका सांपडतात कीं काय, हीं तीन प्रमाणें जुळलीं म्हणजेच अनुमान सिद्धांताच्या पायरीस येईल.

६

आतां शेवटचा व सर्वांत गंभीर प्रश्न. नकाशा जेथें गप्प आहे तेथें त्या मौनाचा अर्थ काय?

डोंगरी मुलखांत महसुली गांव एक असतें, पण लोक राहतात पाड्यांत. एका गांवाचे पांच-दहा पाडे निरनिराळ्या सोंडांवर पसरलेले असतात. पाडा कधीं पाण्यासाठीं, कधीं रोगराईमुळें, कधीं जंगलखात्याच्या तगाद्यामुळें जागा बदलतो. पत्रकावर त्याचे चारदोन ठिपके येतात, बहुधा नांवाविना. कधीं तेही येत नाहींत. शेतीचेंही तसेंच. नागली व वरई हीं पिकें डोंगराच्या उतारावर पावसाळ्यांत होतात. रोपासाठीं पालापाचोळा पसरून राब भाजतात. आणि कांहीं वर्षें पीक घेतल्यावर जमीन तितकीच किंवा अधिक वर्षें पडीत टाकतात. मोजणीची तुकडी मात्र पाऊस संपल्यावर बाहेर पडते व उन्हाळ्याअखेर परतते. तिला दिसतें तें कापलेलें किंवा पडीत रान. प्लेन-टेबलवर वाकलेल्या त्या मोजणीदारानें तेथें झुडुपांची खूण केली तर त्यानें खोटें लिहिलें असें नव्हे. जें त्या ऋतूंत दिसलें तें लिहिलें. परंतु ऐंशी वर्षांनीं ती खूण पाहून ‘येथें कधींच शेती नव्हती’ असें जो म्हणेल तो मात्र खोटें बोलेल, मग तो अजाणतां कां होईना.

हा केवळ पंडितांचा वाद नाहीं. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव व संरक्षित जंगलाच्या हद्दी पडूं लागल्या, आणि त्या हद्दी पुढें नकाशांवर चढल्या. जंगलाची हद्द म्हणजे झाडी नव्हे. ती एक हुकुमाची रेषा आहे. तिच्या आंत शेत असूं शकतें, पाडा असूं शकतो, देवस्थान असूं शकतें. रेषा छापली गेली कीं आंतील सर्वांस एकच रंग मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अशा जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनुसूचित जमातींचा व इतर पारंपरिक वननिवासींचा हक्क मान्य केला. आणि त्याखालील २००८ च्या नियमांत हक्क सिद्ध करण्याच्या पुराव्यांत गॅझेटियर, मोजणीचे अहवाल व नकाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या कागदास आम्ही इतिहासाचें साधन म्हणतों तोच कागद सुरगाण्याच्या किंवा पेठच्या शेतकऱ्यापुढें पुरावा म्हणून येऊन उभा राहतो. १८१८ पासूनच्या दोनशें वर्षांचा हिशेब मनांत ठेवून पाहिलें म्हणजे २०१८ च्या मार्च महिन्यांत नाशिकाहून मुंबईपर्यंत पायीं गेलेल्या हजारों शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनजमिनीच्या हक्काची मागणी कां होती याचा उलगडा होतो.

अशा वेळीं इतिहासाभ्यासकावर एक जबाबदारी येते. नकाशांत पाडा दिसत असेल तर तो त्या सालीं तेथें होता हें निःशंक म्हणावें. ही साक्ष बलवत्तर आहे, कारण नसलेली झोंपडी काढण्यांत मोजणीदाराचा कांहींच लाभ नव्हता. नकाशांत पाडा दिसत नसेल तर तेवढ्यावरून तो नव्हता असें कोणासही म्हणूं देऊं नये. अस्तित्वाचा पुरावा व अभावाचा पुरावा यांस एकाच तराजूंत घालणें हा तर्कशास्त्राचा दोष आहे; आणि येथें त्या दोषाची किंमत तो करणाऱ्याला नव्हे, दुसऱ्यालाच भरावी लागते. हाच न्याय उलट बाजूसही लावला पाहिजे. एखाद्या दाव्यास उपयोगी पडते म्हणून पुसट खूण ठळक करून सांगणें हेंही साधनाशीं बेइमानी करणेंच होय.

हल्लीं जुनें पत्रक उपग्रहाच्या चित्रावर पसरून दोहोंची तुलना करण्याची सोय झाली आहे. ही सोय मोठी आहे. पण जुनीं पत्रकें एव्हरेस्टनें १८३० मध्यें ठरविलेल्या पृथ्वीगोलाच्या मापावर आधारलेलीं आहेत, आणि आजचीं यंत्रें दुसरें माप वापरतात. रूपांतर केल्याविना एकावर एक ठेवलें तर सर्वच जागा सरकतात. डोंगर सरकला तर हंसूं येईल. शेताचा बांध सरकला तर शेजाऱ्याशीं तंटा होईल.

७

वरील विवेचनाचें सार पुढीलप्रमाणें सांगतां येईल. पत्रक पाहण्यापूर्वीं त्याचा समास वाचावा; मोजणीचें साल हीच त्याची तारीख. कोणत्याही घटनेचा विचार करतांना शेजारचीं पत्रकें जोडावीं. उंची, उतार, अंतर व पाणी यांविषयीं पत्रकावर विसंबावें. वाटांविषयीं सावध असावें. नांवें गांवांत जाऊन ऐकावीं व देवनागरींत उतरून घ्यावीं. सीमांविषयीं हुकूम शोधावा. आणि मौनावरून निर्णय करूं नये. निरनिराळ्या पिढ्यांच्या पत्रकांत फरक दिसला तर तो जमिनींतला फरक आहे कीं खुणांच्या पद्धतींतला, हें आधीं ठरवावें.

हें सर्व एकट्यादुकट्याचें काम नाहीं. नाशिक जिल्हा वीसाहून अधिक पत्रकांवर पसरला आहे. प्रत्येक डोंगरी तालुक्यासाठीं एक नामपुस्तक तयार करण्याचें काम संशोधन-मंडळांच्या सभासदांनीं आपल्या अंगावर घ्यावें अशी आमची सूचना आहे. पत्रकावरील प्रत्येक नांव एका रकान्यांत, गांवांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडचा उच्चार दुसऱ्यांत, महसुली दप्तरांतील रूप तिसऱ्यांत. आणि पत्रकावर नसलेले पाडे, बाऱ्या, झरे, देवराया व जुन्या शेतांचीं नांवें शेवटच्या रकान्यांत. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा ठरेल. तो भरणारीं माणसें आतां वृद्ध होत चाललीं आहेत, आणि त्यांच्या मुलांपैकीं पुष्कळ जण पोटासाठीं नाशिक-मुंबईकडे आलीं आहेत. बारीचें नांव जिला ठाऊक आहे अशी शेवटची म्हातारी गेली म्हणजे ती बारी नकाशावर दोन रेषांमधील कोरी जागा होऊन राहील, आणि मग तेथून कधीं कोणी गेलेंच नव्हतें असें लिहिणारा कोणी तरी निघेलच. तसें होऊं नये म्हणून तरी पत्रकें गुंडाळून पिशवींत घालावीं व डांगाची वाट धरावी.